सहा गोल खाऊन पोरगं हसलं कसं?

“परदेशी टीमशी खेळून पोरं तयार होतात म्हणतात, आमच्याचं तर होतं तेही गेलं.” फुटबॉल अकादम्या परदेश दौऱ्यांवरून परतल्या की हे वाक्य माझ्याकडे येतंच. कधी वडील येतात, कधी आई, एकदा तर आजोबाच आले होते. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात बसून खेळणाऱ्या मुलांचं समुपदेशन करताना पालकांना ऑफसाइड समजावून सांगावा लागत नाही, एवढंच सुख! त्या सगळ्यांना उत्तर म्हणून एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

मुलगा चौदा वर्षांचा, डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीत बचाव सांभाळणारा. स्पेनच्या दौऱ्यातली पहिलीच मॅच तिथल्या एका क्लबच्या अकादमीशी होती, ती 0-6 ने गेली. परत आल्यापासून ग्राउंडवर जायचा, पण बॉल मागायचा नाही. आलाच तर लगेच मागे द्यायचा. घोटा दुखतो म्हणायचा. डॉक्टरांना घोट्यात काही सापडलं नव्हतं.

पहिल्या भेटीत वडीलच बोलले. “मॅडम, पतसंस्थेचं कर्ज काढून पाठवलं. आणि हे बगा.” मोबाइलवर मॅच संपल्यानंतरचे काही सेकंद होते. त्यांचा आठ नंबरची जर्सी घातलेला खेळाडू आणि आपला मुलगा हात मिळवतायत, मुलगा चक्क हसतोय. “सहा खाल्ल्यात आणि हसतंय! लाज न्हाई वाटली लेका?” ही क्लिप घरच्या ग्रुपवरही फिरली होती आणि काकांनी तिच्याखाली जे लिहायचं ते लिहिलं होतं. मुलगा बुटांच्या नाड्यांकडे बघत बसला होता.

पुढच्या वेळी मी वडिलांना बाहेर बसवलं. चौदा वर्षांच्या मुलाला “तुला कसं वाटलं?” असं मी विचारत नाही. “काय नाही” हे उत्तर ठरलेलं असतं. मी विचारलं, “तो आठ नंबर करत काय होता रे?”

त्याने टेबलावरचा स्टेपलर ओढला. तो आठ नंबर. पेनाचं टोपण म्हणजे बॉल, पाण्याची बाटली म्हणजे तो स्वतः.

“बॉल यायच्या आधीच हा दोनदा मान फिरवून मागं बघतोय. एकदा इकडं, एकदा तिकडं. मी अंगावर जाईपर्यंत बॉल गेलेला असतोय. पळतो माझ्याएवढाच, मॅडम. पण त्याला आधीच म्हाईत असतंय.” बाटली, स्टेपलर, टोपण असं बराच वेळ चाललं. मग एकदम थांबला.

“मला त्याचा राग यायला पाहिजे हुता, न्हवं?”

“नाही आला?”

“मजा येत हुती. हरतोय, तरी.” आणि रडायला लागला.

आत्मविश्वास गेलाय, असं निदान तोवर सगळ्यांनी केलं होतं. तो गेला असता तर इतकं बारीक त्याने टिपलंच नसतं. त्याला पराभव लागला नव्हता. हरताना मजा आली, म्हणजे आपण गुन्हा केला, हे त्याच्या मनात बसलं होतं. पुन्हा मजा येऊ नये म्हणून तो बॉलच टाळत होता. मी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने काम करणारी. 0-6 ही घटना, त्यावरचा निकाल आपण मनात लिहितो, असं मानणारी. इथे तो निकाल घरच्या ग्रुपवर लिहिला गेला होता. त्याला धीर देणारी भाषणं मी केली नाहीत, याचं मला आजही समाधान आहे. त्याने ती पुष्कळ ऐकली होती.

वडिलांशी बोलायला आपलाच, कोल्हापूरचा फुटबॉलपटू अनिकेत जाधव कामी आला. 2018 मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताची वीस वर्षांखालची टीम स्पेनमधल्याच मुर्सिया प्रांताच्या टीमकडून 0-2 हरली, मॉरिटानियाकडून 0-3. मग व्हेनेझुएलाशी 0-0, आणि शेवटी अर्जेंटिनावर 2-1 असा विजय. मी आकडे सांगतेय तोवर वडील म्हणाले, “ते म्हाईत हाय. अनिकेतला रेड कार्ड मिळालं, दहा जणांत काढली मॅच.” “मग पहिल्या दोन मॅचनंतर त्यांच्या घरी कोणी काय म्हणायला हवं होतं?” ते बराच वेळ गप्प राहिले. नंतर मुलाला म्हणाले, “त्यो स्टेपलर मला बी दाव.”

आपल्यापेक्षा सरस संघाशी खेळण्याचा फायदा असलाच तर तो याच बघण्यात आहे. इथे आपल्या पोराला बॉल घेऊन विचार करायला दोन क्षण मिळतात, तिथे ते मिळत नाहीत. काय कमी पडतंय ते तेव्हाच कळतं, पण ते सांगायला मुलाला घरात जागा हवी. म्हणून दौऱ्यावर फोन कराल तेव्हा स्कोअर विचारू नका, तो तुम्हाला कळतोच. समोरच्यांपैकी कोण आवडला ते विचारा. क्लिप नातेवाइकांना पाठवू नका. तेरा-चौदाच्या वयात एकाची उंची अचानक वाढलेली असते, दुसऱ्याची वाढायची असते. तेव्हा मोठा फरक हा कसबाचाच असतो असं नाही. मात्र जेवण-झोप बिघडली, मित्र तुटले आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर “होईल नीट” म्हणत थांबू नका.

हा मुलगा आता बॉल मागतो. मान फिरवण्याच्या नादात एकदा बॉल पायाखालून गेला आणि गोल बसला, असं वडीलच हसत सांगत होते.

“पुढच्या वर्षी परत पाठवू का?” हेही त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी अकादमीला विचारा. प्रत्येक मुलाला किती मिनिटं खेळवणार? समोर कोणत्या वयाचे संघ असतील? मॅचनंतर कोच मुलांसोबत बसून ती परत बघणार का? उत्तरात नुसते स्टेडियमचे फोटो आले, तर आधी पतसंस्थेचं कर्ज फेडा.