अंगणातल्या सशांना कोल्ह्या-कुत्र्यांपासून कसं सांभाळायचं?

तुमचा प्रश्न असा: पुण्यात सूसच्या बाजूला टेकडीला लागून घर आहे, मुलीसाठी दोन ससे आणलेत, अंगणात लाकडी पिंजरा करून त्याला कोंबडीजाळी मारली आहे, पण रात्री कोल्हेकुई ऐकू येते. एवढी जाळी पुरेल का?

नाही पुरणार. आज संध्याकाळी दोघांनाही घरात घ्या आणि मग पुढचं वाचा.

आम्ही धायरीच्या वरच्या अंगाला राहतो, मागे डोंगर आहे. आमच्याकडेही दोन ससे होते, कापूस आणि खारी. पिंजरा तुमच्यासारखाच, षटकोनी भोकांच्या जाळीचा, यू खिळ्यांनी ठोकलेला. श्रावणातल्या एका रात्री पाऊस इतका कोसळत होता की आम्हाला काहीच ऐकू आलं नाही. सकाळी पाहिलं तर एका कोपऱ्यातली जाळी खिळ्यांसकट उपटलेली, चिखलात कुत्र्यांच्या पावलांचे ठसे, आणि खारी नाही. कापूस मागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. वाचला म्हणून आम्ही देवापुढे साखर ठेवली. पण दिवसभर त्याने कोथिंबिरीला तोंड लावलं नाही, लेंड्याही टाकल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तेव्हा समजावलं की सशाची आतडी सतत चालू राहावी लागतात. जबर भीती बसली की ती थंडावतात, ससा खायचं थांबवतो, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर न चावताही जीव जातो. काही ससे तर धक्क्याने जागच्या जागी मरतात.

हे इतकं सविस्तर सांगितलं कारण पिंजऱ्याचा सगळा विचार त्याने बदलतो. शिकारी आत येऊ शकला नाही म्हणजे ससा वाचला असं नाही. जाळीला नाक लावून कुत्रं रात्रभर गुरगुरत बसलं तर कितीही भक्कम जाळी असली तरी सशाच्या बाजूने ती हल्ल्याचीच रात्र असते. म्हणून माझ्या मते पिंजरा हा दिवसासाठी, तोही घरात कुणी जागं माणूस असताना. रात्र घरात. यावर मी तडजोड करत नाही.

आता कोल्ह्याबद्दल. इंटरनेटवर सशांच्या पिंजऱ्यांची जी माहिती मिळते ती बहुतेक विलायतेतली, तिथल्या तांबड्या कोल्ह्याला धरून लिहिलेली. तो प्राणी आपल्याकडे हिमालयात आणि राजस्थान-कच्छच्या कोरड्या भागात सापडतो, पुण्यात नाही. तुम्हाला जी कुई ऐकू येते तो आपला कोल्हा, कुत्र्याच्या कुळातला, ८-१० किलोचा. माळावर दिसणारं खोकड वेगळं. ते २-३ किलोचं, राखाडी, शेपटीचं टोक काळं, आणि मुख्यतः किडे, उंदीर, सरडे, बोरं यांवर जगणारं. सासवड, सुप्याकडच्या माळांवर ते आहे. लोक दोघांनाही कोल्हाच म्हणतात. तुमच्या घरापाशी कोल्हा येऊ शकतो, विशेषतः जवळपास कोंबड्यांचा कचरा टाकत असतील तर. पण खरं भय त्याच्याआधी भटक्या कुत्र्यांचं आहे, नंतर मांजरांचं आणि मुंगसाचं. मुंगूस दिवसाढवळ्या फिरतं, हे लक्षात ठेवा. सकाळी दहा वाजता पिंजऱ्याशी आलेलं मुंगूस मी स्वतः हाकललं आहे.

कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवायला असते, बाहेरच्याला अडवायला नाही. ती बारीक तारेला पीळ देऊन विणलेली असते. कुत्र्याच्या दातांनी एक पीळ सुटला की पुढची वीण ढिली होत जाते. तुम्हाला हवी वेल्डमेश, म्हणजे जिथे तार तारेवरून जाते तिथे प्रत्येक सांधा वेल्ड केलेला असतो. भोक अर्धा इंच बाय अर्धा इंच. एक इंची घेऊ नका. त्यातून उंदीर आणि बारके साप जातात, मांजराचा पंजा आत पोहोचतो. तार १६ गेजची तरी असावी, १४ मिळाली तर उत्तम. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे दुकानात नीट सांगून घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत फुटावर कापून मिळते. लोखंडी चौकोनी नळीची चौकट करून घ्या, लाकडाला आपल्याकडे वाळवी लागते आणि पावसाळ्यात ते फुगतं. जाळी चौकटीच्या आतल्या बाजूने लावावी आणि तिच्यावर पट्टी ठेवून स्क्रू किंवा नट-बोल्टने आवळावी. खिळे उपटले जातात, हे आम्ही पाहिलं आहे. आणि वरूनही जाळीच. मांजर वरून येतं, घार आणि कावळे पिल्लांवर झडप घालतात, डोंगराकडेला मोठं शृंगी घुबडही असतं.

खालच्या बाजूकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. कुत्रा, कोल्हा, मुंगूस सगळे उकरतात, आणि ससाही आतून उकरतो. सगळ्यात सोपं म्हणजे खाली शहाबादी फरशी बसवून सांधे सिमेंटने भरायचे आणि वर गवताचा जाड थर द्यायचा. फरशी नको असेल आणि सशांना माती मिळावी असं वाटत असेल, तर एक तर वीतभर मातीखाली तीच जाळी पसरा, नाहीतर पिंजऱ्याच्या चारही बाजूंनी बाहेर दीड-दोन फूट जाळी जमिनीवर आडवी अंथरून तिच्यावर दगड-माती टाका. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी मुळाशी पाय मारतो, तिथे जाळी लागली की दोन फूट मागे जाऊन भुयार काढावं हे त्याला सुचत नाही. मात्र या दुसऱ्या पद्धतीत ससा आतून बोगदा काढू शकतो, म्हणून कडेची माती रोज बघावी लागते. ससा उघड्या जाळीवर उभा राहील असा तळ मात्र कधीही करू नका. त्याच्या तळपायाला गादी नसते, नुसते केस असतात, जखमा होतात.

दाराला साधी कडी नको. बोल्ट सरकवायचा आणि वर स्प्रिंगचा हुक अडकवायचा, अशा दोन वेगळ्या हालचाली लागल्या पाहिजेत. लहान मुलगी आहे तर हे आणखीच जरुरीचं.

आत लपायला पेटी द्या, सगळ्या बाजूंनी बंद आणि दोन तोंडांची, म्हणजे एका दाराशी दुसऱ्या सशाने अडवलं तरी अडकून पडायला होत नाही. पिंजऱ्याची पाठ घराच्या भिंतीला असू द्या. कंपाउंडच्या भिंतीला चिकटून ठेवलात तर मांजर तिथे येऊन बसेल आणि ससे दिवसभर थरथरतील. दुपारची सावली पाहून जागा ठरवा. ससा घामाने थंड होत नाही, कानांतून उष्णता सोडतो, आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. त्या दोन महिन्यांत दुपारीही घरातच बरे.

खाणं सांडू देऊ नका. सांडलेल्या दाण्यांना उंदीर-घुशी येतात, त्यांच्या मागे धामण येते, नाग येतो. घूस सशाची पिल्लं पळवते. रात्री अंगणात जाताना बॅटरी हातात असू द्या, टेकडीकडेला घोणस असतेच. साप दिसला तर सर्पमित्राला बोलवा.

बिबट्याचं वेगळं सांगायला हवं. तो आता जुन्नरच्या उसापुरता राहिलेला नाही, पुण्याच्या आसपासही येतो. परिसरात तो फिरतोय असं कळलं तर कुठल्याही जाळीवर विसंबू नका, आणि संध्याकाळी मुलीला एकटीला अंगणात पाठवू नका. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

एक विनंती. कुणी सांगेल की विष घाला, सापळा लावा. कोल्हा, खोकड, मुंगूस हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. आणि विष फक्त कोल्ह्यालाच मारत नाही, शेजारचं मांजर, विषाने मेलेलं जनावर खाणारी घार, कुणाचंही मूल त्यात सापडू शकतं. आपण त्यांच्या टेकडीशेजारी घर बांधलंय, तेव्हा जाळीचा खर्च आपणच करायचा.

एवढं करूनही काही घडलंच, तर सशाला टॉवेलात गुंडाळून अंधाऱ्या खोक्यात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, जखम दिसत नसली तरी. मांजराच्या दातांची भोकं केसांखाली दिसत नाहीत पण पिकतात. बारा तास ससा खात नसेल किंवा लेंड्या टाकत नसेल तर सकाळची वाट पाहू नका. घरातलं अमॉक्सिसिलिन तोंडावाटे देऊ नका, माणसाला चालणारं हे औषध सशाच्या आतड्यातले जंतू बिघडवून त्याला मारू शकतं. सगळेच पशुवैद्य ससे तपासत नाहीत, म्हणून तपासणारा कोण आहे ते आजच फोन करून विचारून ठेवा.

पिंजरा तयार होईपर्यंत दोघांना बाथरूममध्ये ठेवता येईल. फिनाईल धुऊन काढा, बादल्या आणि साबण बाहेर काढा, जमिनीवर जुनी सतरंजी टाका म्हणजे पाय घसरणार नाहीत, एका कोपऱ्यात गवत आणि पाणी ठेवा, आणि खिडकीच्या काचा बंद करा, म्हणजे मांजर तिथून डोकावणार नाही.