लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या चौथ्या अल्बममधलं कंदीलवाल्या म्हाताऱ्याचं चित्र बँडचा गिटारवादक जिमी पेजने काढलंय का? त्यात सैतान दडलाय म्हणतात, ते खरं का?

पेजने नाही काढलेलं. अल्बमवर श्रेय बॅरिंग्टन कोल्बी यांना दिलंय. पण हा गैरसमज का होतो ते कळतं, कारण पुढे बँडच्या १९७६ च्या चित्रपटात हाच कंदीलवाला बाबा खुद्द पेजने साकारला.

चित्राचं मूळ टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांच्या, संचातल्या नवव्या पत्त्यात आहे. त्याचं नाव हर्मिट, म्हणजे एकांतात राहणारा साधू. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट संचाची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली. आज कुठलाही टॅरोवाला उघडतो तो संच बहुतेक त्यांचाच किंवा त्यांच्यावरून बेतलेला असतो, आणि बाईंना तेव्हा मिळाले फुटकळ पैसे! त्यांचा हर्मिट बर्फाळ शिखरावर उभा आहे: राखाडी झगा, एका हातात काठी, दुसऱ्यात कंदील, कंदिलात सहा टोकांची चांदणी. कोल्बींनी तोच बाबा उचलून कड्यावर नेऊन ठेवला. टॅरोत हा पत्ता एकांताचा आणि शोधाचा. सैतानाचा पत्ता वेगळा असतो, पंधरावा.

आता आरशाची गोष्ट. चित्राला आरसा उभा लावला की खडकांत शिंगवाल्या जनावराचं तोंड दिसतं म्हणतात. माझ्याकडच्या एलपीवर मीही लावून पाहिलाय. दिसतं, खोटं कशाला बोलू. पण वेड्यावाकड्या रेघांच्या कुठल्याही चित्राला आरसा लावा, दोन्ही बाजू सारख्या झाल्या की डोळे-नाक आपोआप उगवतात. कुणी म्हणतं तो काळा कुत्रा आहे, कारण पहिल्या गाण्याचं नाव ‘ब्लॅक डॉग’. ते नाव तर रेकॉर्डिंगच्या वेळी आवारात भटकणाऱ्या एका लॅब्रेडॉरवरून पडलं!

मुखपृष्ठावरच्या मोळीवाल्या म्हाताऱ्याचीही अशीच गत. बँडचा गायक रॉबर्ट प्लांटला ती तसबीर रेडिंगच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मिळाली होती. लोकांनी तिच्यातही काय काय गूढ शोधलं. २०२३ मध्ये कळलं की ते पेंटिंगच नाही, हाताने रंगवलेला फोटो आहे. १८९२ च्या सुमारास अर्नेस्ट फार्मर यांनी टिपलेला, आणि तो माणूस बहुधा विल्टशरमधला लॉट लाँग नावाचा, घरांची छपरं शाकारणारा कारागीर.

याचा अर्थ पेज साधाभोळा होता असं नाही. अलिस्टर क्राउली या इंग्रज गूढविद्यावाल्याच्या पुस्तकांचा तो संग्राहक, स्कॉटलंडमध्ये लॉख नेसच्या काठी क्राउलीचं बोलेस्किन हे घरही त्याने विकत घेतलं होतं. त्याच्या या नादाचा खरा पुरावा हवा असेल तर चौथा अल्बम ठेवा बाजूला आणि तिसऱ्याची, म्हणजे १९७० च्या एलपीची, सुरुवातीची प्रत कुणाकडे असेल तर मागून आणा. गाणी संपतात तिथल्या कोऱ्या पट्टीवर, लेबलच्या अलीकडे, क्राउलीचं ‘डू व्हॉट दाऊ विल्ट’ (तुला हवं ते कर) हे वचन कोरलेलं आहे. रेकॉर्ड तिरकी धरा, म्हणजे वाचता येईल. आरसा लागत नाही.