डबा मध्ये ठेवला, आता चमचा कुठं?

प्रिय चिऊ,

तू विचारलंस, ‘कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या कारखान्यात दुपारी सगळे आपापले डबे टेबलाच्या मध्ये ठेवतात. मला जो तो वाढतो आणि माझ्या डब्यात माझ्यापुरतंच असतं. मग मी सहा माणसांचं करून न्यायचं का? आणि मराठी माणसांत हे पहिल्यापासून असंच आहे का?’

सहा माणसांचं अजिबात करू नकोस. सहा जणांनी एकेक वाटी भाजी आणली असं धर. वाटीत साधारण बारा मोठे चमचे भाजी मावते. प्रत्येकाला दोन-दोन चमचे गेली की तुझ्या ताटात पुन्हा बाराच चमचे, फक्त सहा चवींचे. म्हणजे वाटीभर आणणारी उपाशी राहत नाही आणि कुणाचे उपकारही होत नाहीत. वर तीन-चार चमचे जास्त घे, कारण एखाद्याचा डबा त्या दिवशी आलेलाच नसतो. भाकरी-चपाती ज्याची त्याची, पण एखादी जास्त असावी.

लोक बिचकतात ते कमी आणल्यानं नाही, उष्ट्यानं. डबा उघडला की स्वतः घास घेण्याआधी कोरड्या चमच्यानं सगळ्यांना फिरवून वाढ. चमचा दुसऱ्याच्या ताटाला टेकू द्यायचा नाही, जरा वरून वाढायचं. एकदा जेवायला लागलीस की उजवा हात खरकटा, तो डब्यात जात नाही. मग वाढायचं झालं तर चमचा डाव्या हातात. एरवी डाव्या हातानं काही देत नाहीत, पण जेवताना वाढायला तोच चालतो. दोन चमचे ने, खायचा एक आणि वाढायचा एक. आजवर तू डब्यातूनच खात असशील आणि तुझी भाजी कुणी घेतली नसेल, तर ते का हे आता कळलं असेल. ताट नसेल तर डब्याचं झाकण घे.

न्यायचं काय? घट्ट किंवा सुकं. रस्सा नेऊ नकोस. कोल्हापुरी चटणीचा, म्हणजे कांदा-लसणाच्या तिखट मसाल्याचा, कट (तेलाचा तवंग) वर तरंगतो आणि तेलच पहिल्यांदा झाकणाच्या रबरातून बाहेर येतं, मग पिशवीचा डाग जन्मभर जात नाही. अख्खा मसूर सगळ्यात सोयीचा. वाटीभर मसूर दोन तास भिजवून उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटं शिजव. कुकरला लावलास तर एका शिट्टीचाही भरवसा नाही, गरगट होतो. दोन कांदे चांगले तांबूस परतून एक टोमॅटो, आलं-लसूण, दीड चमचा कांदा-लसूण चटणी आणि मीठ घाल, मग मसूर टाकून दहा मिनिटं मंद आचेवर आटव. चटणी तेलात जास्त वेळ ठेवू नकोस, करपली की कडू होते. घातली की लगेच दोन चमचे पाणी.

झुणक्याला तेलाची कंजुषी करू नकोस. वाटीभर बेसनाला तीन कांदे आणि चार मोठे चमचे तेल. कांदा मऊ झाला की चटणी-मीठ, मग पीठ भुरभुरवत टाकायचं, अर्धी वाटी पाणी शिंपडायचं आणि झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ. तेल कमी पडलं तर दुपारपर्यंत तो कोरडा ठाक होतो आणि घशात तोठरा बसतो. खर्डा तर छोट्या डबीत कायम असू दे. दहा-बारा हिरव्या मिरच्या, तेवढ्याच लसणाच्या पाकळ्या, मूठभर शेंगदाणे लोखंडी तव्यावर भाजून मीठ घालायचं आणि तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायचं. मिक्सरला फिरवलास तर ती पेस्ट झाली, खर्डा नाही. पाणी लागलं नाही तर दोन दिवस टिकतो. कोथिंबीर घातलीस तर त्याच दिवशी संपव.

शाळूची, म्हणजे ज्वारीची, भाकरी थापताना तुटत असेल तर दोष हाताचा नाही, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल. पंधरा दिवसांपुरतंच दळून आण. जुनं पीठ संपवायचंच असेल तर उकळत्या पाण्यात कालवून, चांगलं मळून घे. भाकरी तव्यावरून थेट डब्यात घालू नकोस, वाफेचं पाणी होऊन खालची भिजते. पाच मिनिटं जाळीवर ठेव, मग सुती फडक्यात गुंडाळ. फार वेळ उघडी ठेवलीस तर वाळून कडक होते, तेही नको.

उन्हाळ्यात ओल्या नारळाची चटणी आणि बटाट्याची पातळ भाजी नेऊ नकोस, दुपारपर्यंत विटते. गरम भात झाकून ठेवला की आंबतो. दहीभात न्यायचा तर वाटीभर गार भातात अर्धी वाटी दूध आणि दोनच चमचे दही घालून ने. सकाळी आठला कालवलास तर एकपर्यंत तिथंच विरजतो, आंबट होत नाही. आणि स्टीलचा डबा कडक गरम असताना बंद केलास तर गार झाल्यावर झाकण बसतं ते उघडत नाही. तेव्हा आपटू नकोस, झाकणावर कोमट पाणी सोड.

कुणाला काय चालतं ते पहिल्या आठवड्यातच विचारून घे. जैन मंडळी तिकडं बरीच आहेत, त्यांना कांदा-लसूण, बटाटा चालत नाही, चातुर्मासात आणखी कडक. त्यांच्यासाठी बिनकांदा-लसणाची भाजी आणि वेगळा चमचा. लिंगायत घरांतून मटण नसतंच. बाकीच्यांतही कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, श्रावणात तर महिनाभर. म्हणून सुकं मटण न्यायचं तर बुधवारी किंवा शुक्रवारी, आणि तो डबा मध्ये न ठेवता बाजूला. नवरात्रात उपवास करणाऱ्यांना साबुदाण्याची खिचडी दिलीस तर हळद घालू नकोस. कोथिंबीर विचारून घाल, तिच्यावरून घराघरांत मतभेद आहेत.

आता तुझा दुसरा प्रश्न. पहिल्यापासून असं मुळीच नव्हतं. कुणी कुणाच्या हातचं खायचं हे जातीवरून ठरायचं, पाणवठेसुद्धा वेगळे होते. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार हाच प्रश्न होता. शाहू महाराज मुद्दाम तिथं थांबून, लोकांदेखत चहा प्यायचे आणि बरोबरच्यांनाही पाजायचे. म्हणून डब्यापाशी ‘काय खात नाही?’ एवढंच विचार, आडनावाची चौकशी नको. आणि दोन टेबलं वेगळी पडलेली दिसली तर का पडलीत ते नीट बघ. कारण नेहमी शाकाहार-मांसाहार एवढंच नसतं.

जेवणाऱ्यांपाशी गेलीस की ‘या जेवायला’ म्हणतील. ते म्हणायचंच असतं. त्यावर ‘चालू द्या’ म्हणायचं आणि पुढं जायचं. सरकून जागा केली तर मात्र खरं बोलावणं, बसायचं. नको असेल तर ताटावर हात आडवा धरून ‘बास, बास’ म्हण. नुसत्या ‘नको’ला तिथं कुणी दाद देत नाही, ‘घे की!’ म्हणून आणखी एक चमचा पडतो. शेजारची बाई ‘मी जेवलो’ म्हणाली तर दचकू नकोस, कोल्हापुरात बायका तसंच बोलतात.

कुणी घरून डबा भरून दिला तर घासून, कोरडा करून परत कर, पण रिकामा नाही. फार काही करायला नको, गुळाचा खडा आणि मूठभर भाजके शेंगदाणे पुरतात.

तुझी,
आई