वाचकांचे प्रश्न: इंग्लंडमधली क्लबची कार्प मॅच

प्रश्न: सहकाऱ्याने त्याच्या अँगलिंग क्लबच्या कार्प मॅचला बोलावलं आहे. गावी नदीवर गळ टाकलेला आहे, पण स्पर्धा कधी पाहिलेली नाही. दिवसभर काय चालतं आणि काय तयारी करू? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर: आधी एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेचं रॉड लायसन्स, म्हणजे गळाने मासेमारीचा परवाना, काढा. वय 13 किंवा जास्त असेल तर ते लागतंच, आणि क्लबच्या फीमध्ये ते धरलेलं नसतं. इंग्लंडमधल्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून मासेमारी बंद असते. क्लबच्या कार्प मॅच मात्र बहुधा खासगी तळ्यांवर होतात आणि त्यातली बरीचशी वर्षभर खुली असतात.

सकाळी पैसे भरून झाले की पिशवीतून नंबर काढायचा. जो निघेल तो तुमचा पेग, म्हणजे बसायची जागा. तिथे सामान मांडून खोली मोजून ठेवता येते, पण पहिल्या शिट्टीआधी चाऱ्याचा एक दाणाही पाण्यात टाकायचा नाही. मॅच साधारण पाच तासांची, बहुतेकदा दहा ते तीन. शेवटच्या शिट्टीला गळाला असलेला मासा धरतात की नाही, हे क्लबागणिक बदलतं. सकाळीच विचारून घ्या. मग वजनकाटा पेगापेगावर फिरतो आणि एकूण वजनावर निकाल लागतो.

इथला कार्प म्हणजे आपल्या धरणांतला सायप्रिनसच, पण तो घरी न्यायचा नसतो. वजन झालं की प्रत्येक मासा पाण्यात परत जातो. म्हणून उलटा काटा नसलेली, बार्बलेस गरीच वापरायची. माशाला हात लावण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.

प्रश्न: पहिल्या तासात पाच-सहा कार्प मिळतात. नंतर फ्लोट (दोऱ्यावरचं तरंगतं बूच) सारखा बुडतो, पण ओढलं की गरी रिकामी. शेजारचा मात्र भरत असतो. आमिष बदलू का? (एक वाचक, बर्मिंगहॅम)

उत्तर: आमिष राहू द्या, चारा कमी करा. पुढच्या वेळी गरी रिकामी आली की ती नीट बघा. टोकाला रुपयाएवढा चकचकीत खवला अडकलेला असेल, तर मासा आमिष खातच नव्हता. त्याचं अंग दोऱ्याला घासलं म्हणून फ्लोट बुडाला. एकाच जागी खूप पेलेट, म्हणजे चाऱ्याचे दाबून केलेले दाणे, पडले की कार्प गर्दी करतात, तळ सोडून वर येतात आणि पडणारे दाणे पाण्यातच टिपतात. तुमची गरी तळाशी आणि मासे तिच्यावर घिरट्या घालतायत, अशी गत होते.

यावर उपाय असा. सुरुवातीला कप भरून चारा ओतू नका. पोलच्या, म्हणजे रीळ नसलेल्या लांब काठीच्या, टोकाला लहान पॉट (वाटी) लावा, त्यात 15-20 पेलेट घ्या, फ्लोटच्या अगदी शेजारी सोडा आणि थांबा. मासा लागला की पुन्हा तेवढेच. खोटे इशारे सुरू झाले की ती जागा दहा मिनिटं सोडून दुसऱ्या जागेवर जा. त्यासाठी सकाळीच तीन जागांची खोली मोजलेली हवी: पाच मीटरवर, तेरा मीटरवर आणि काठालगत. गरीला वजनाचा गोळा लावून सोडा आणि फ्लोटचं फक्त टोक वर दिसेल असा तो सरकवा. एक इंच चुकला तरी आमिष अधांतरी लोंबतं.

काठालगत दीड-दोन फूट खोल, सपाट तळ शोधा आणि ती जागा शेवटच्या दीड तासासाठी राखून ठेवा. काठावरची हालचाल थांबली की मोठे कार्प दुपारी तिथे येतात. सकाळपासून तिथे पाय आपटत बसलात, तर येणार नाहीत.

प्रश्न: पोल घेणं परवडत नाही. साध्या रॉडवर निभेल का? (एक वाचक, स्लाउ)

उत्तर: निभेल. दहा-अकरा फुटी रॉड, 6 किंवा 8 पाउंडी दोरा आणि 20-30 ग्रॅमचा मेथड फीडर, म्हणजे दोऱ्यावरचा चारा दाबून भरायचा वजनदार साचा, घ्या. पुढे दोऱ्याचा जेमतेम 10 सेंटिमीटरचा तुकडा, 16 नंबरची गरी आणि रबरी बँडमध्ये 6 मिलिमीटरचा कडक पेलेट. दोरा तुटला तर मासा फीडर ओढत फिरता कामा नये, म्हणून फीडर सहज सुटणारा हवा.

सगळं यश फीडरवरच्या चाऱ्यावर आहे. 2 मिलिमीटरचे पेलेट डब्यात घ्या, बुडतील इतकं पाणी घाला, दोन मिनिटांनी सगळं निथळून टाका आणि अर्धा तास झाकून ठेवा. मग हाताने मोकळे करा. मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्याने ढकलताच फुटला पाहिजे. कोरडे राहिले तर फेकतानाच उडून जातात. चिकट झाले तर तळाशी गोळा तसाच बसून राहतो.

मासा लागला की झटका मारू नका. रॉडचं टोक आपोआप वाकतं, तो नुसता उचला. एकाच जागी पडावं म्हणून दोरा रीळाच्या क्लिपमध्ये अडकवला असेल, तर कार्प धावताच तो सोडवायची तयारी ठेवा, नाहीतर तुटतो.

पुढे पोल घेतलात तर ध्यानात ठेवा: त्यातल्या कार्बनमधून वीज वाहते. विजेच्या तारांपासून 30 मीटरच्या आत तो उभारू नका आणि ढग गडगडले की लगेच खाली ठेवा.

प्रश्न: पकडलेले मासे वजन होईपर्यंत पाण्यात ठेवायच्या माझ्या जाळीत 63 पाउंड भरले, नोंदवले 50. हे योग्य आहे का? (एक वाचक, कॉव्हेंट्री)

उत्तर: त्या तळ्यावर एका जाळीला 50 पाउंडांची मर्यादा असेल, तर हो. खच्चून भरलेल्या जाळीत कार्प गुदमरतात, खवले निघतात, म्हणून हा नियम आहे आणि तो कडक हवाच. प्रत्येक माशाचं अंदाजे वजन क्लिकरवर (हातातल्या मोजणी यंत्रावर) मोजत चला आणि 40 झाले की पुढची जाळी वापरा. घाईत अंदाज बहुधा कमीच धरला जातो. बऱ्याच तळ्यांवर जाळी तिथलीच घ्यावी लागते. स्वतःची चालत असेल तर ती कोरडी न्या आणि पोचल्यावर जंतुनाशकाच्या टाकीत बुडवा.