गोड बोललं तर डोक्यावर बसतात, मग हेडमास्तरांनी करायचं काय?

"मॅडम, गोड बोललं की डोक्यावर बसतेत, कडक बोललं की तोंड फिरवतेत, करावं तरी कसं?" नवीन मुख्याध्यापक मला हे हमखास विचारतात. बीड जिल्ह्यातल्या एका सरांचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). सेवाज्येष्ठतेनं खुर्ची मिळाली, कालपर्यंत ज्यांच्यासोबत डबा खायचे तेच आता हाताखाली. वरून रोज फोन, यूडायसची (सरकारच्या ऑनलाइन शाळा-नोंदीची) माहिती आजच भरा, पोषण आहाराचं रजिस्टर कुठंय, आणि ते सगळं टेन्शन रात्री दहाला स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उतरायचं. दहावीच्या गणिताचे अंतर्गत 20 गुण एका गुरुजींनी वेळेत दिले नाहीत तर ग्रुपवरच नाव घेऊन झापलं, सकाळी मेमो. स्टाफरूम गप्प.

सर हे सगळं घेऊन माझ्याकडं आले तेव्हा मी मेमोबद्दल विचारलंच नाही. तो मेसेज टाईप करताना मनात काय चाललं होतं, एवढंच विचारलं. आधी म्हणाले राग, मग बऱ्याच वेळानं, "भीती वाटत होती हो, साहेबांसमोर मी कच्चा ठरेन म्हणून."

खरं काम इथून सुरू होतं. भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे गोड वागणं असं लोकांना वाटतं, पण 1990 मधे सालोवे आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली ती स्वतःच्या नि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या आणि त्यावरून विचार, वागणं ठरवायचं अशी होती, नरम पडा असं त्यात कुठंच नाही.

मग सर गुरुजींशी एकटे बोलले, आधी फक्त अडचण विचारली. कळलं की ऊसतोडीला गेलेल्या घरची दोन पोरं आईबापासोबत कोल्हापूरकडं होती, त्यांची चाचणी राहिली म्हणून गुरुजी थांबलेले. हे सरांना कुणी सांगितलंच नव्हतं! झापणाऱ्या हेडमास्तरापर्यंत शाळेतली बातमीच पोचत नाही, मला तर हेच सगळ्यात मोठं नुकसान वाटतं.

पण शिस्त सोडली नाही हं त्यांनी. "पोरांसाठी थांबलात ते बरोबर, मला न सांगता थांबलात ते चालणार नाही, बाकीच्यांचे गुण उद्या द्या, या दोघांची चाचणी आल्या दिवशी घेऊ." दुसऱ्या दिवशी यादी टेबलावर होती. आणि झापलं होतं सगळ्यांसमोर म्हणून स्टाफ मीटिंगमधेच सगळ्यांसमोर माफी मागितली, फार जड गेलं त्यांना, पण चारचौघांत केलेला अपमान केबिनमधल्या माफीनं भरून येत नाही.

आता रात्री राग आला तर मेसेज लिहून ठेवतात, सकाळी वाचून मग ठरवतात पाठवायचा का. एक सिनियर मॅडम अजून कामापुरतंच बोलतात, तिथं घाईनं जवळीक करायला जाऊ नका असं सांगितलंय मी सरांना.