डेटाबेसचा वेग मोजायचा, पण कसा?

प्रश्न: पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे दोन डेटाबेस एकाच मशीनवर टाकून एक लाख रेकॉर्ड एकेक करून इन्सर्ट केले, मायएसक्यूएल खूपच पुढे गेलं (त्यात फ्लशचं, म्हणजे नोंदी डिस्कवर पक्क्या लिहिण्याचं, सेटिंग नेटवर बघून १ चं २ केलं होतं). मग तेच घेऊ का? आणि ओरॅकल, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर अशा डेटाबेसशी तुलना केलेले आकडे सहसा का सापडत नाहीत?

उत्तर: तुमचं उत्तर त्या कंसातच आहे बघा. १ असताना प्रत्येक कमिट (पक्का केलेला बदल) डिस्कवर पोचल्याशिवाय मायएसक्यूएल पुढे जात नाही, २ केलं की डिस्कवरचं फ्लश साधारण सेकंदाला एकदाच होतं, म्हणजे मधेच लाइट गेली तर शेवटच्या सेकंदातल्या नोंदी जाऊ शकतात. पोस्टग्रेस मात्र मूळ सेटिंगवर होतं, ते लाखवेळा डिस्कची वाट बघत बसलं. एकतर दोघांना सवलत द्या (पोस्टग्रेसमध्ये सिंक्रोनस कमिट, म्हणजे डिस्कची वाट बघणं, ऑफ करता येतं), नाहीतर कुणालाच नको. आणि हजार-हजार रेकॉर्ड एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकाच कमिटमध्ये, टाकून बघा, दोन्हीकडे वेळ धडाधड खाली येईल.

अपडेट पण तपासा, आणि दोन मिनिटं नको, काही तास चालू द्या, कारण पोस्टग्रेस अपडेट करताना जुनी ओळ टेबलातच ठेवतं आणि व्हॅक्यूम ही त्याची सफाईची प्रक्रिया ती नंतर साफ करते, तो भार छोट्या टेस्टमध्ये दिसतच नाही. प्रायमरी कीने (प्रत्येक रेकॉर्डच्या वेगळ्या ओळखीने) रेकॉर्ड उचलायचं काम मायएसक्यूएल छान करतं, त्याचं डेटा साठवणारं इंजिन इनोडीबी टेबलच त्या क्रमाने ठेवतं ना. पण सात-आठ टेबलं जोडून रिपोर्ट काढायचे असतील तर मी पोस्टग्रेसच घेईन, मायएसक्यूएलमध्ये हॅश जॉइन (मोठी टेबलं पटकन जोडायची पद्धत) आला तोच २०१९ मध्ये.

आता आकड्यांचं. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरच्या लायसन्समध्येच लिहिलंय की बेंचमार्कचे (वेगाच्या चाचणीचे) निकाल कंपनीच्या परवानगीशिवाय जाहीर करायचे नाहीत. याला डेविट क्लॉज (कलम) म्हणतात, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या डेव्हिड डेविट यांनी १९८० च्या दशकात तुलना छापली, त्यात ओरॅकल मागे पडलं, तिथून हे नाव आलं. मला हे मनापासून खटकतं, वापरणाऱ्याने मोजलेलं त्याला सांगता आलंच पाहिजे. मायएसक्यूएलचा कोड जीपीएल या मुक्त लायसन्सखाली खुला आहे पण मालकी २०१० पासून ओरॅकलकडे, त्याच धास्तीने मायएसक्यूएलच्याच कोडवरून मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस निघाला. पोस्टग्रेसला एक मालक कंपनीच नाही, कोड घ्या, बदला, निकाल छापा.

तर टेस्ट परत करा आणि आकड्यांसोबत दोन्हीकडच्या सेटिंगच्या फाइली पण पाठवा, पुढच्या अंकात छापतो.