१८ जणांची न्याहारी आणि दोन लहान शेगड्या

प्रश्न : आमच्या गृहसंकुलातील १८ जण, त्यांत ५ शाळकरी मुले, डिसेंबरमध्ये भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी एका शेतकऱ्याच्या वावरात तंबू ठोकून दोन रात्री राहणार आहोत. पहिल्या सकाळी कळसूबाई चढण्यासाठी पहाटे ५ वाजता बारी गावाकडे निघायचे आहे. दुसरी सकाळ निवांत आहे. गेल्या वर्षी अशाच सहलीत कांदेपोह्यांचा पार लगदा झाला आणि चहा-न्याहारी उरकेपर्यंत साडेआठ वाजले. ब्युटेनच्या डब्यांवर चालणाऱ्या दोन लहान शेगड्या आमच्याकडे आहेत. काय करावे, आणि शिधा किती न्यावा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पदार्थ ठरवण्याआधी आपण शेगड्यांचा हिशेब मांडावा, कारण दोनांपैकी एक शेगडी चहालाच जाणार आहे. थंडीच्या पहाटे १८ माणसे एकदाच चहा घेऊन थांबत नाहीत. म्हणजे न्याहारीसाठी एकच आच उरते, आणि ज्या पदार्थाचे नग एकेक करून तव्यावर टाकावे लागतात ते सगळे इथेच बाद होतात. थालीपीठ मला स्वतःला फार प्रिय आहे. परंतु माणशी २ धरली तरी ३६ थालीपिठे होतात, आणि एकाला ४ मिनिटे लागली तरी तव्यापाशी बसलेल्या व्यक्तीची जवळजवळ अडीच तास सुटका नाही. डोसे, घावन, ऑम्लेट यांचीही तीच गत होईल.

पहिल्या सकाळी दडपे पोहे करावेत, असे मी आग्रहाने सुचवेन. कोकणातल्या घरांत हा पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे आणि त्याला फोडणीपलीकडे विस्तव लागत नाही. १८ जणांना १ किलो पातळ पोहे, २ मोठे नारळ, पाऊण किलो कांदे, ६ लिंबे, १०-१२ हिरव्या मिरच्या आणि कोथिंबिरीची एक जुडी पुरते. नारळ अख्खे न्यावेत आणि रात्री जेवणे झाल्यावर तिथेच खवावेत. घरून खवून नेलेले ओले खोबरे दिवसभराच्या प्रवासात आंबूस होण्याची भीती असते. नारळाचे पाणी मात्र झाकून ठेवावे, त्याचा उपयोग आहे. फोडणी घरीच करून बाटलीत भरून न्यावी : तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आणि कुरकुरीत तळलेले शेंगदाणे. मिरच्यांची फोडणी वेगळ्या लहान बाटलीत ठेवली, तर मुलांचे पोहे आधी काढून घेता येतात.

पहाटे सव्वाचारला कांदा अगदी बारीक चिरून त्याला मीठ, थोडी साखर आणि लिंबाचा रस चोळावा. दोन-तीन मिनिटांत कांद्याला पाणी सुटते. पोहे भिजतात ते याच पाण्यावर आणि खोबऱ्याच्या ओलाव्यावर. पोहे व खोबरे घालून हलक्या हाताने कालवावे, वर थाळी पालथी घालून तिच्यावर पाण्याने भरलेले पातेले ठेवावे आणि २० मिनिटे दडपून ठेवावे. नंतर चिमूटभर पोहे बोटांत चेपून पाहावेत. कडा मऊ पण मध्ये किंचित कणी लागली, तर ते तयार झाले आहेत. अजून कोरडे वाटले, तर नारळाच्या पाण्याचा शिपका द्यावा. मग फोडणीची बाटली कढल्यात रिकामी करून ती २ मिनिटे तापवली, वर ओतली आणि पापड चुरून घातला की झाले. तोवर दुसऱ्या शेगडीवर चहा उकळलेला असतो. उरलेले पोहे मात्र डब्यात भरून शिखरावर नेऊ नयेत, कारण ओले खोबरे आणि कच्चा कांदा उन्हात टिकत नाहीत. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे आणि चढायला सुमारे ३ तास लागतात. वाटेसाठी दाण्याचे लाडू किंवा चिक्की बरोबर असावी.

दुसऱ्या सकाळी उपमा करावा. १ किलो जाडा रवा घरीच तुपावर मंद आचेवर खमंग भाजावा, त्यातच मोहरी, उडीद डाळ, सुक्या मिरच्या व कढीपत्त्याची फोडणी आणि मीठ-साखर मिसळून तो पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरावा. तिथे फक्त उकळते पाणी लागते, पण ते साडेतीन ते चार लिटर लागते, आणि लहान शेगडीवर तेवढ्या गार पाण्याला उकळी फुटायला अर्धा तास सहज जातो. म्हणून रात्रीच २ लिटर पाणी उकळून थर्मासमध्ये भरून ठेवावे आणि सकाळी ते पातेल्यात ओतून पुन्हा उकळावे. निम्मा वेळ वाचतो. रवा एकाने धारेने सोडावा आणि दुसऱ्याने ढवळत राहावे, एकट्याने केल्यास गुठळ्या होतात.

आता गेल्या वर्षीच्या लगद्याविषयी. बहुधा आपण सगळे पोहे एकाच पातेल्यात एकदम भिजवले असावेत. ओल्या पोह्यांच्या वजनाने तळचा थर चेपतो आणि साचलेल्या पाण्यात मऊ होत राहतो, मग वरचा थर कितीही मोकळा असला तरी परतताना सगळेच गोळा होते. जाडे पोहे पाण्यात ठेवायचेच नसतात. ते रोवळीत थोडे थोडे धुऊन लगेच निथळावेत, ताटांत पसरावेत आणि दोन घाण्यांत परतावेत.

ब्युटेनच्या डब्यांविषयी एक सूचना. कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचा वायू नीट होत नाही आणि ज्योत मंदावते, म्हणून डबे रात्री उघड्यावर न ठेवता कपड्यांत गुंडाळून सामानात ठेवावेत. ज्योत वाढवण्यासाठी डबा आगीजवळ नेऊ नये, आणि वारा अडवताना आडोसा एकाच बाजूला करावा. चारही बाजूंनी पत्रा लावल्यास डबा तापून फुटण्याचा धोका असतो. पहाटे थंडी वाजते म्हणून शेगडी तंबूत नेण्याचा मोह होईल, तो मुलांसाठी तरी कटाक्षाने टाळावा : बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो कळतही नाही.